पाचवं चाक

अमरावतीच्या आमच्या घरी दूरच्या प्रवासाची सुरुवात टायरच्या हवेनं व्हायची. पहाटे साडेपाचला अंगणात सडा पडलेला असे, ओल्या मातीचा वास सुटलेला असे, आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून फियाटपाशी उकिडवे बसलेले असत. आम्हां पाच चुलत भावंडांना झोपेतून उठवायला कुणाला हाक मारावी लागत नसे. फूटपंपाचा चर्र-फुस्स आवाज आला की आम्ही गच्चीवरून अंथरुणं तशीच टाकून खाली धावायचो. उशीर झाला तर आपलं चाक दुसऱ्याला जाईल ही भीती.

प्रत्येकाचं चाक ठरलेलं होतं. ताई थोरली, म्हणून पुढचं डावं तिचं. पुढचं उजवं छोट्या ताईचं. मागची दोन दादाची आणि बंड्याची. मी शेंडेफळ. माझ्या वाट्याला स्टेपनी. डिकी उघडून, खालचं जुनं पोतं बाजूला सारून, तिच्या व्हॉल्व्हची टोपी काढून मुठीत धरायची, हवा तपासून झाली की पुन्हा घट्ट लावायची, हे माझं काम. टोपी हरवणं हा आमच्या घरातला मोठा गुन्हा. ती नसली तर व्हॉल्व्हमध्ये धूळ जाते, पिनेपाशी कण अडकतो आणि हवा मुंगीच्या पावलानं निघून जाते, असं मोठे बाबा सांगत. म्हणून ती मूठ मी इतकी आवळायची की तळव्यावर गोल वळ उठायचा.

हवा मोजायला त्यांच्याकडे पेनासारखी धातूची कांडी होती. व्हॉल्व्हवर दाबली की मागून आकडे लिहिलेली पट्टी सरकन बाहेर यायची. चष्म्याच्या जुन्या घरात, मऊ फडक्यात गुंडाळून ती डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली असे. पट्टी जिथे थांबली तो आकडा ज्याचं चाक त्यानं मोठ्यानं वाचायचा आणि मोठे बाबा तो वहीत उतरवायचे. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, पाच आकडे. भरल्या गाडीला मागच्या चाकांत 26 पौंड, पुढे त्याहून कमी. मागे चार मोठी माणसं, आमच्यातले दोघं-तिघं, शिवाय डिकीत आत्यासाठी कुरड्या-पापडांचे डबे आणि आंब्यांची पेटी, म्हणून मागे जास्त, हा हिशेब आम्हाला पाठ होता. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावायचा. बुडबुडा आला नाही की टोपी लावायची परवानगी.

पौंड म्हणजे काय ते खूप नंतर कळलं. एक इंच लांब, एक इंच रुंद अशा चौकोनावर आतली हवा किती वजनाचा रेटा देते, त्याचा तो आकडा. पण तेव्हा पौंड म्हणजे चाकाची तब्येत, एवढंच आम्ही समजायचो, आणि आजही मला तो अर्थ चुकीचा वाटत नाही.

हे सगळं पहाटेच का, यामागे मोठ्या बाबांचा एक नियम होता. चाक थंड असतानाच मोजायचं. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, निदान तीन तास तरी. पंपावर जाऊन भरायची झाली तर पंप दोनएक किलोमीटरच्या आतला हवा. ऊन चाकांवर यायच्या आत वहीचं पान भरलं पाहिजे. आमच्या अंगणात सूर्य आधी डाव्या बाजूला यायचा, म्हणून सुरुवात डाव्या चाकांपासून व्हायची. कंपनीच्या पुस्तकात दिलेला आकडा थंड चाकाचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या काळी, तेही वऱ्हाडात, किती जणांना ठाऊक असेल?

आणि तरीही आमच्या घरात एक चूक वर्षानुवर्षं चालत आली होती. ती चूक आबाजींची.

आबाजी, आमचे आजोबा, दर्यापूरकडचे शेतकरी. खारपाणपट्ट्यातली काळी माती, पावसाळ्यात पायाला शेर-शेर चिकटणारी. त्यांच्या तरुणपणी घरी रेंगी होती, लाकडी चाकांची, लोखंडी धाव असलेली. ही धाव चढवण्याचं वर्णन ते करत तेव्हा आम्ही श्वास रोखून ऐकायचो. गोवऱ्यांच्या वर्तुळात धाव लालभडक तापवायची, चिमट्यांनी चौघांनी उचलायची, चाकावर बसवायची आणि लगेच वरून घागरींनी पाणी ओतायचं. तापून फुगलेलं लोखंड थंड होताना आवळतं आणि लाकडाला असं काही कवटाळतं की खिळ्याची गरज पडत नाही. पुढे घरात डनलॉपची बंडी आली, रबरी टायरची. लोखंडी चाक काळ्या मातीत आऱ्यांपर्यंत रुतायचं, रुंद रबरी चाक वरच तरंगायचं. त्यानंतर ट्रॅक्टर आला. शेतात ट्रॅक्टरच्या टायरात हवा कमीच ठेवतात, बारा-पंधरा पौंड, म्हणजे टायर पसरतो आणि माती धरतो. मागच्या टायरात तर वजनासाठी चक्क पाणी भरतात.

या सगळ्या अनुभवातून आबाजींनी एक सिद्धान्त बांधला होता. "लोखंड फुगते, तं हवा नाई फुगनार का? उन्हाळ्यात दोन-चार पौंड कमीच ठिवा. गच्च भरसान तं फाटन तो टायर." आणि आबाजींनी सांगितलं की मोठे बाबा, स्वतः पन्नाशीचे असूनही, "हो आबाजी" म्हणत. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत आमच्या वहीत मागच्या चाकांपुढे 26 ऐवजी 22 लिहिलं जाई. स्टेपनीला मात्र कुणी हात लावत नसे. ती उन्हात धावत नाही, डिकीत निजलेली असते, तर तिची हवा कशाला काढायची? म्हणून माझ्या चाकात बारा महिने 26.

आबाजींना हसावं असं यात काही नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अकोल्याचा मे महिना ज्यानं अंगावर घेतला आहे तो हसणार नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर बोटाला चिकटतंय, वाळ्याचे पडदे दुपारी दोनपर्यंत कोरडे ठाक. अशा रस्त्यावर गाडी न्यायची तर हवेला फुगायला जागा ठेवावी, असं कुणाही विचारी माणसाला वाटेल. हवा फुगते हेही खरंच होतं. पाच-सहा अंश तापमान चढलं की साधारण एक पौंड वाढतो. डिसेंबरात पहाटे दहा अंशांत भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी पाच-सहा पौंड जास्त दाखवेल. आबाजींचं निरीक्षण बरोबर होतं. निष्कर्ष तेवढा चुकला होता.

तो चुकला आहे हे कळलं ते दादाच्या दहावीच्या परीक्षेनंतरच्या मे महिन्यात.

आत्याच्या घरी अकोल्याला, जठारपेठेत, मुंज होती. अमरावती ते अकोला शंभराच्या आत-बाहेर किलोमीटर. तेव्हाचा तो सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे हजिऱ्याहून कोलकात्याला जाणाऱ्या ट्रकांची रांग, मध्ये जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता, आणि खालची काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळत असल्यानं डांबराला लाटा आलेल्या. आम्ही नऊ जण होतो. पहाटे निघायचं ठरलेलं, पण कुणाची तरी पैठणी मिळेना, मग निघता निघता साडेदहा झाले. बडनेरा गेलं, कुरुम गेलं. मूर्तिजापूरला थांबून डांगर खाल्लं. शकुंतला रेल्वेचे रूळ आले की आम्ही नेहमी हात हलवायचो, गाडी असो वा नसो. कुरणखेडला काटेपूर्णेचा पूल ओलांडला. पुढे बोरगाव मंजू यायच्या आधी मागून धडाम असा आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. मोठ्या बाबांनी ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीला आपणहून थांबू दिलं. शेवटच्या क्षणी काही इंचांवरून एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मोठ्या आईनं त्या दिवशी एकवीरा देवीला बोललेला नवस पुढे फेडला.

चाक दादाचं होतं. मागचं डावं.

बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही उभे राहिलो. जॅक लागला, पान्यावर बाबा उभे राहिले, आणि डिकीतून माझी स्टेपनी बाहेर आली. मोठ्या बाबांनी कांडी लावली. 26 वर पट्टी दोनएक खुणा पुढेच होती, डिकीच्या उष्म्यानं. इतकी वर्षं पोत्याखाली निजलेलं माझं चाक त्या दिवशी नऊ जणांना घेऊन मुंजीला गेलं. आठ वर्षांच्या मुलीला याहून मोठा मान कोणता मिळणार? (स्टेपनी हे मूळ एका रस्त्याचं नाव. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर दोन भावांनी 1904 च्या सुमाराला मोटारीचं जादा चाक बनवून विकायला घेतलं. त्याआधी मोटारींना पाचवं चाक नसेच. तिकडे हा शब्द मागे पडला, आपल्याकडे अजून जिवंत आहे.)

बोरगाव मंजूला पंक्चरच्या दुकानात फाटलेला टायर दाखवला. आबाजी गाडीतून उतरून सांगू लागले, "गर्मीनं फुटला बाप्पा. अजून दोन पौंड कमी ठिवाले पायजे होते." दुकानदार वयस्कर होता. त्यानं लोखंडी पट्ट्यांनी टायर रिमवरून सोडवला, ट्यूबच्या चिंध्या बाहेर काढल्या, आणि टायरच्या आत हात घालून मूठभर काळी भुकटी आमच्यासमोर धरली. रबराचा चुरा. मग आतल्या बाजूनं कडेला बोट फिरवून दाखवलं. दोन्ही अंगांना, गोल, सगळीकडून रबर चुरलेलं होतं.

"आबाजी, उन्हानं नाई फुटला हा," तो शांतपणे म्हणाला. "हवा कमी होती याच्यात. चालू चालू दबला, दबू दबू आतूनच जळला."

आबाजी काही बोलले नाहीत. ती भुकटी त्यांनी आपल्या तळव्यावर घेतली आणि बराच वेळ अंगठ्यानं चोळत उभे राहिले. ताई म्हणते त्यांनी ती कागदात बांधून खिशात ठेवली. दादा म्हणतो, नाही, तिथेच झटकली. या एका गोष्टीवर आमचं आजही एकमत होत नाही. मला ताईचं खरं वाटतं, कारण पुढचा प्रसंग.

मुंजीनंतर दोन दिवसांनी, आत्याच्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारून सतरंज्या टाकल्या होत्या. आबाजींनी धाकट्या काकूला बोलावलं. काकू शाळेत विज्ञान शिकवायची. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर तिनं कधी ढळू दिला नाही, पण विषय विज्ञानाचा निघाला की तिचा आवाज बदलायचा. आबाजींनी विचारलं, "सूनबाई, हवा कमी असून टायर जास्त काहून तापते? मले समजून सांग."

काकूनं खाली जाऊन मांडवाची उरलेली तार आणली. "मामाजी, ही तोडायची आहे. पक्कड नाही. कशी तोडाल?" आबाजींनी जन्मभर कुंपणाच्या तारा जशा तोडल्या तशीच ती इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवायला सुरुवात केली. दहा-बारा वेळा वाकवल्यावर काकू म्हणाली, "आता वाकते तिथे बोट लावा."

त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

मग तिनं सांगितलं. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की सुटतो. आपल्या फियाटचं चाक ताशी साठच्या वेगानं मिनिटाला पाचशेच्या वर फेरे घेतं, म्हणजे टायरची प्रत्येक जागा मिनिटाला पाचशे वेळा या तारेसारखी वाकते. हवा पुरेशी असेल तर थोडी वाकते. हवा कमी असेल तर पोटरीपासून पिळवटून वाकते. उन्हापेक्षा ही आतली उष्णता कितीतरी जास्त. उन्हानं वाढणारे चार-पाच पौंड टायर सहज सोसतो, बनवणाऱ्यानं ते आधीच हिशेबात धरलेले असतात. म्हणूनच पुस्तकातला आकडा थंड चाकाचा दिलेला असतो. पुढचं वाढायचं ते वाढू द्यायचं.

"अन् धाव?" आबाजींनी विचारलं.

"धाव लाकडावर बसली की वाकत नाही, मामाजी. रबर वाकतं."

आबाजींनी मान हलवली. एवढंच. पण अमरावतीला परतल्यावर पहाटे अंगणात येऊन त्यांनी वही मागवली आणि मोठ्या बाबांना सांगितलं, "उन्हाळ्याचे आकडे खोडून टाक. सव्वीस लिही." सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नातवंडांसमोर, सुनेच्या शब्दावरून, आपलं आयुष्यभराचं मत असं बदललं. आमच्या घरात त्यानंतर पुष्कळ वादविवाद झाले, पण 'आम्ही मोठे म्हणून आमचंच खरं' हे वाक्य मी त्या घरात ऐकलं नाही.

त्याच सुट्टीत काकूनं आणखी एक खेळ शिकवला. शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून गाडी हातभर पुढे ढकलायची आणि चाकाचा कोरड्या फरशीवर उमटलेला ओला ठसा पाहायचा. केवढी ती गाडी, आणि प्रत्येक चाक जमिनीला टेकतं ते मोठ्या माणसाच्या पंज्याएवढं! आम्ही ठशावर हात ठेवून पाहायचो. हवा कमी असली तर ठसा पसरट आणि कडेला गडद, म्हणजे टायर दोन्ही खांद्यांवर झिजणार. जास्त असली तर मधोमध अरुंद पट्टा, मग मध्येच गोटा होणार. पंज्याएवढ्या चार जागांवर नऊ जणांचा जीव आहे, हे आठ वर्षांच्या मुलीला त्या ओल्या ठशानं जेवढं समजावलं तेवढं पुढे कोणत्याही फलकानं समजावलं नाही.

नंतर मारुती आली. तिचे टायर रेडियल. रेडियल टायर बरोबर हवेलाही खाली जरा फुगीर दिसतो, त्यामुळे जुन्या टायरांवर तयार झालेली मोठ्या बाबांची नजर फसली. कमी दिसते, कमी दिसते म्हणून ते भरत गेले आणि दोन टायर मधून गुळगुळीत झाले. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आली: डोळ्यावर जाऊ नये, कांडीवर जावे. टायरच्या अंगावर कोरलेला आकडाही भरायचा नसतो. तो टायरला सोसणारी कमाल मर्यादा सांगतो. आपल्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर असतो. हे आमच्यात आजही कुणी विसरत नाही. हैदराबादेत राहणारा बंड्या परवा म्हणाला की तिथे त्याला नायट्रोजन भरून घ्यायला सांगतात. काकूनं फोनवरच सांगितलं, "आपल्या साध्या हवेतही शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच आहे, बाबू. भर किंवा नको भरू, मोजायचं चुकवू नको." काकू आता पंचाहत्तरीची आहे.

आबाजी गेले, अंगण गेलं, तिथे फ्लॅट झाले. वही ताईकडे पुण्याला आहे. शेवटची पानं बाबांच्या अक्षरातली, कारण मोठ्या बाबांचा हात तोवर कापू लागला होता.

रस्ताही बदलला. सहा नंबरचा महामार्ग 53 झाला. अमरावती-अकोल्याचं वर्षानुवर्षं रखडलेलं काम एकदाचं मार्गी लागलं आणि जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण करून गिनेस बुकात नोंद झाली. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी जो आनंद उसळला तो सांगता येणार नाही. प्रत्येकानं आपापला खड्डा आठवून लिहिला. समृद्धी महामार्गही आमच्या जिल्ह्यातूनच गेला. तिथे टायर फुटून अपघात होतात असं वाचलं की मला ती मूठभर काळी भुकटी आठवते. सरळ सिमेंटचा रस्ता, शंभर-सव्वाशेचा वेग, तासन् तास न थांबता. तीच तार, कितीतरी जोरानं वाकणारी. परिवहन विभागानं तिथे टायर तपासायला सुरुवात केली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

यंदाच्या मे महिन्यात दादाच्या मुलानं नवी गाडी घेतली आणि आम्हाला अकोल्याला नेलं. पुढच्या सीटवर मोठे बाबा. मी निघताना सवयीनं डिकी उघडली. स्टेपनी नव्हती. पोरगं म्हणालं, आता लागत नाही, आत्या. ट्यूबलेस टायर आहेत, हवा दाखवणारी यंत्रणा आहे, पंक्चर काढायचा संच दिला आहे. 2020 च्या ऑक्टोबरपासून अशा गाड्यांना जादा चाकाची सक्ती नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या रिकाम्या जागेकडे पाहून पोटात काहीतरी हललं.

पडद्यावर चार आकडे होते. चारही 33. पहाटे सहाला निघालो, मूर्तिजापूरला पोचेपर्यंत ऊन चढलं आणि आकडे 36, 36, 37, 37 झाले. पोरगं घाबरलं. पेट्रोलपंपाकडे गाडी वळवत म्हणालं, "जास्त होऊन रायली आबा, थोडी काढून टाकतो."

डुलकी घेत असलेले मोठे बाबा एकदम ताठ बसले. "हात लावू नको. गरम चाकाची हवा कोनी काढते का? आता काढशीन तं थंड झाल्यावर कमी भरन." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या पहाटे पाहू."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जठारपेठेतल्या आत्याच्या घरासमोर सडा पडला होता. मोठ्या बाबांनी चष्म्याचं जुनं घर खिशातून काढलं आणि माझ्या हाती दिलं. आता त्यांना खाली बसता येत नाही. दादाचा मुलगा मागच्या डाव्या चाकापाशी बसला, मी त्याला कांडी धरायला शिकवलं. पट्टी सरकन बाहेर आली.

"किती?" वरून आवाज आला.

"तेहेतीस, आबा."

"थुकी लाव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बोट ओलं करून व्हॉल्व्हवर लावलं. बुडबुडा नव्हता. टोपी माझ्या मुठीत होती.